माउंटन बाइकच्या हायड्रॉलिक डिस्क ब्रेकची देखभाल

हायड्रॉलिक डिस्क ब्रेक ही सायकलच्या चाकाच्या मध्यभागी बसवलेल्या धातूच्या तबकडीवर द्रवाच्या दाबाने पॅड आवळून चाकाची गती कमी करणारी यंत्रणा होय. डोंगराळ, दगडगोट्यांच्या व चिखलाच्या वाटांवर चालवण्यासाठी बनवलेल्या माउंटन बाइकवर हा ब्रेक सर्रास आढळतो. पॅड व तबकडी यांची तपासणी, अडकलेले दट्टे मोकळे करणे, कॅलिपर सरळ बसवणे, गळती थांबवणे आणि ब्लीडिंग ही त्याच्या देखभालीतील मुख्य कामे आहेत. बंद द्रवमार्गात शिरलेली हवा बाहेर काढण्याच्या क्रियेला ब्लीडिंग म्हणतात.

ब्लीडिंग हा या देखभालीचा सर्वांत परिचित भाग असला, तरी ब्रेकच्या प्रत्येक तक्रारीवर तो उपाय नव्हे. द्रवमार्गातील हवेचे दोष आणि पॅड, तबकडी किंवा कॅलिपर यांचे दोष वेगवेगळी लक्षणे दाखवतात. त्यामुळे दुरुस्तीपूर्वी निदान करणे आवश्यक ठरते. चुकीचे निदान, चुकीचे ऑइल किंवा अर्धवट ब्लीडिंग यांमुळे ब्रेक सपाट रस्त्यावर ठीक वाटतो, परंतु लांब उतारावर निकामी होऊ शकतो.

पार्श्वभूमी

डिस्क ब्रेकचे एक आरंभीचे एकस्व ब्रिटिश अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये घेतले. मोटारगाड्यांत त्याची उपयुक्तता ठळकपणे दिसली ती १९५३ च्या ल मान्स शर्यतीत. त्या वर्षी डिस्क ब्रेक बसवलेल्या जॅग्वार गाडीने ही २४ तासांची शर्यत जिंकली. सायकलींवर मात्र पुढेही अनेक दशके रिमवर रबर दाबणारे ब्रेक किंवा हबमध्ये बसवलेले ब्रेकच प्रचलित राहिले.

माउंटन बाइकचा उगम १९७० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मरिन काउंटीत झाला. तेथे १९७६ पासून फेअरफॅक्स गावाजवळच्या एका तीव्र उताराच्या वाटेवर शर्यती होऊ लागल्या. स्पर्धक जुन्या, जाड टायरच्या सायकली वापरत आणि त्यांच्या मागील हबमध्ये पॅडल उलटे दाबून लावायचा ब्रेक असे. एका उतरणीतच हबमधील ग्रीस तापून जळून जाई व हब उघडून त्यात पुन्हा ग्रीस भरावे लागे. इंग्रजीत या कामाला ‘रीपॅक’ म्हणतात, आणि त्यावरूनच त्या वाटेला व शर्यतीला ‘रीपॅक’ हे नाव पडले. ब्रेकमध्ये निर्माण होणाऱ्या उष्णतेचा प्रश्न अशा रीतीने माउंटन बाइकच्या जन्मापासूनच तिच्याशी जोडलेला आहे.

या उष्णतेचे प्रमाण साध्या गणिताने समजते. सायकल व स्वार यांचे एकत्रित वस्तुमान ९० किलोग्रॅम धरल्यास ४०० मीटर उंची उतरताना सुमारे ३५३ किलोज्यूल स्थितिज ऊर्जा मोकळी होते. एवढ्या ऊर्जेने १ लिटरहून थोडे अधिक पाणी २५ अंश सेल्सियसपासून उकळीला आणता येईल. वेग स्थिर राखायचा असेल, तर हवेच्या व रस्त्याच्या रोधात खर्च होणारा भाग वगळता उरलेली सर्व ऊर्जा दोन ब्रेकमध्ये उष्णतेच्या रूपाने प्रकट होते.

सायकलींसाठी द्रवाच्या दाबावर चालणारे रिम ब्रेक जर्मनीतील मागुरा कंपनीने १९८० च्या दशकात बाजारात आणले. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हायड्रॉलिक डिस्क ब्रेक माउंटन बाइकवर झपाट्याने रूढ झाला. चाक थोडे वाकले तरी तो काम करतो, चिखलापासून दूर राहतो आणि एका बोटानेही लावता येतो, ही त्यामागील मुख्य कारणे होत.

रचना

हायड्रॉलिक डिस्क ब्रेकचे प्रमुख भाग पुढीलप्रमाणे आहेत.

• लिव्हर व मुख्य सिलिंडर : मुठीजवळील लिव्हर दाबल्यावर मुख्य सिलिंडरमधील दट्ट्या पुढे सरकतो आणि ऑइलवर दाब निर्माण करतो.
• ऑइलची टाकी : मुख्य सिलिंडरला जोडलेली छोटी टाकी. तिच्यात रबराचा लवचीक पडदा असतो. पॅड झिजल्यावर लागणारे जास्तीचे ऑइल ही टाकी पुरवते आणि ऑइल तापून प्रसरण पावल्यास त्याला जागा देते.
• नळी : लिव्हरपासून कॅलिपरपर्यंत दाब पोहोचवणारी, दाबाखाली न फुगणारी बारीक नळी. तिचा आतील व्यास सुमारे २ मिलिमीटर असतो.
• कॅलिपर : फॉर्कला किंवा फ्रेमच्या मागील भागाला बोल्टने जोडलेला धातूचा ठोकळा. त्यात समोरासमोर दोन किंवा चार दट्टे असतात.
• पॅड : धातूच्या पट्टीवर घर्षणकारी पदार्थ चिकटवून बनवलेल्या दोन चकत्या.
• तबकडी : हबला जोडलेली पोलादी चकती. १६०, १८० व २०३ मिलिमीटर व्यासाच्या तबकड्या माउंटन बाइकवर विशेष आढळतात. मोठ्या तबकडीमुळे ब्रेक अधिक जोरात लागतो व उष्णताही लवकर बाहेर पडते.

कॅलिपरमधील प्रत्येक दट्ट्याभोवती चौकोनी छेदाचे रबरी सील असते. ते ऑइल बाहेर जाऊ देत नाही, हे त्याचे एक काम. दुसरे काम तितकेच महत्त्वाचे आहे. दट्ट्या पुढे सरकताना सील किंचित पिळले जाते आणि लिव्हर सोडल्यावर मूळ आकारात येताना दट्ट्याला मागे ओढते. पॅड झिजल्यावर दट्ट्या सीलमधून थोडा घसरून पुढची जागा धरतो. पॅड व तबकडी यांतील अंतर अशा प्रकारे आपोआप कायम राहते. केबलवर चालणाऱ्या बहुतेक ब्रेकप्रमाणे ते वेळोवेळी हाताने जुळवावे लागत नाही.

कार्यतत्त्व

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल यांनी सतराव्या शतकात मांडलेला नियम या ब्रेकचा पाया आहे. मुख्य सिलिंडरचा दट्ट्या लहान व कॅलिपरचे दट्टे मोठे असल्याने बल वाढते आणि त्या प्रमाणात सरकण्याचे अंतर कमी होते.

उदाहरणार्थ, मुख्य दट्ट्याचा व्यास १० मिलिमीटर, कॅलिपरमधील दोन दट्ट्यांचा व्यास प्रत्येकी २२ मिलिमीटर आणि लिव्हरची तरफ बल पाचपट करणारी आहे असे मानू. बोटाने ५० न्यूटन बल लावल्यास मुख्य दट्ट्यावर २५० न्यूटन बल पडते. त्यामुळे ऑइलमध्ये वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ३० पट दाब निर्माण होतो आणि प्रत्येक पॅड तबकडीवर सुमारे १,२०० न्यूटन बलाने दाबला जातो.

याच उदाहरणातून हवेचा परिणामही स्पष्ट होतो. दोन्ही पॅड तबकडीला टेकण्यासाठी प्रत्येकी ०.३ मिलिमीटर सरकायचे असतील, तर सुमारे ०.२३ मिलिलिटर ऑइल पुढे ढकलावे लागते. त्यासाठी बोटाच्या टोकाशी लिव्हर सुमारे १५ मिलिमीटर हलतो. आता द्रवमार्गात ०.१ मिलिलिटर, म्हणजे साधारण दोन थेंबांएवढा हवेचा बुडबुडा आहे असे समजू. ऑइल दाबाने जवळजवळ आकुंचन पावत नाही, परंतु ३० पट दाबाखाली हा बुडबुडा जवळपास नाहीसा होण्याइतका लहान होतो. त्याची जागा भरण्यासाठी लिव्हर आणखी सुमारे ६ मिलिमीटर दाबावा लागतो. अशा तीन-चार बुडबुड्यांनी लिव्हर मुठीला टेकतो आणि पॅडवर पुरेसा दाब येतच नाही.

ब्रेक ऑइलचे प्रकार

सायकलींच्या ब्रेकमध्ये दोन प्रकारची ऑइल वापरली जातात. ती परस्परांच्या जागी वापरता येत नाहीत व एकमेकांत मिसळताही येत नाहीत.

डॉट ऑइल : अमेरिकेच्या परिवहन विभागाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘डॉट’ हे नाव आले आहे. डॉट ३, ४ व ५.१ ही ग्लायकॉल ईथरवर्गीय द्रव्यांपासून बनतात. ती हवेतील ओलावा शोषून घेतात व त्यामुळे त्यांचा उत्कलनबिंदू काळाप्रमाणे उतरतो. म्हणून मानकात ताज्या ऑइलसाठी आणि ३.७ टक्के पाणी शोषलेल्या ऑइलसाठी स्वतंत्र किमान उत्कलनबिंदू ठरवलेले आहेत. डॉट ३ साठी ते अनुक्रमे २०५ व १४० अंश सेल्सियस, डॉट ४ साठी २३० व १५५, तर डॉट ५.१ साठी २६० व १८० आहेत. डॉट ५ हे नाव सारखे वाटले, तरी ते सिलिकोनवर आधारित वेगळे ऑइल आहे. डॉट ४ किंवा ५.१ साठी बनवलेल्या ब्रेकमध्ये ते वापरू नये.

खनिज ऑइल : शिमानो, मागुरा, टेक्ट्रो इत्यादी कंपन्यांचे ब्रेक खनिज तेलावर चालतात. शिमानोचे ऑइल लाल, तर मागुराचे निळे असते. खनिज तेल ओलावा शोषत नाही. मात्र आत शिरलेले पाणी त्यात विरघळत नसल्याने जड असल्यामुळे खाली, बहुधा कॅलिपरमध्ये, साचते. ब्रेकचा सर्वांत तापणारा भाग तोच असतो. खनिज तेलासाठी डॉटसारखे सामाईक मानक नसल्याने निर्मात्याने सांगितलेलेच ऑइल वापरावे.

दोन्ही प्रकारांसाठी सीलचे रबर वेगवेगळे असते. खनिज तेलाच्या ब्रेकमध्ये डॉट ऑइल घातल्यास, किंवा उलट झाल्यास, सील फुगतात व मऊ पडतात. नंतर ऑइल बदलूनही हे नुकसान भरून निघत नाही. सर्व सील, आणि बहुधा संपूर्ण ब्रेकच, बदलावा लागतो. भारतात मोटारसायकलींसाठी डॉट ३ व डॉट ४ ऑइल कोणत्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळते, तर सायकलचे खनिज ऑइल सहसा सायकलींच्या निवडक दुकानांतच मिळते. त्यामुळे मोटारसायकलच्या गॅरेजमध्ये सायकलचा ब्रेक भरून घेताना ही चूक होण्याचा संभव असतो. कोणते ऑइल वापरायचे हे बहुधा लिव्हरच्या टाकीवर किंवा झाकणावर कोरलेले असते. ते वाचल्याशिवाय टाकी उघडू नये.

दोषांची लक्षणे व निदान

पुढील लक्षणांवरून दोषाचे स्थान बहुधा ओळखता येते.

• लिव्हर स्पंजासारखा मऊ लागतो आणि लागोपाठ दाबल्यावर थोडा घट्ट होतो : द्रवमार्गात हवा आहे. ब्लीडिंग आवश्यक.
• लिव्हर घट्ट आहे, पण फार खोलवर दाबल्यावर ब्रेक लागतो : पॅड झिजले आहेत किंवा दट्टे मागे राहिले आहेत. प्रथम पॅड पाहावेत.
• लिव्हर घट्ट आहे, पण सायकल थांबत नाही : पॅड किंवा तबकडी तेलकट झाली आहे, अथवा पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला आहे. ब्लीडिंगचा उपयोग नाही.
• लिव्हर दाबून धरल्यावर हळूहळू मुठीकडे सरकत जातो : ऑइल कोठेतरी गळत आहे किंवा मुख्य सिलिंडरचे सील निकामी झाले आहे.
• ब्रेक न लावताही तबकडी घासते : कॅलिपर तिरका आहे, तबकडी वाकली आहे, एखादा दट्ट्या अडकला आहे किंवा टाकीत ऑइल जास्त भरले आहे.
• ब्रेक लावताच कर्कश आवाज येतो : पॅड दूषित झाले आहेत, नवे पॅड रुळलेले नाहीत किंवा एखादा बोल्ट सैल आहे.

लांब उतारावर ब्रेक मंदावण्याचे दोन प्रकार वेगळे ओळखणे महत्त्वाचे आहे. पॅड अतितप्त झाल्यास घर्षण कमी होते, परंतु लिव्हर घट्टच राहतो. ऑइलमधील पाणी किंवा ऑइल स्वतःच उकळल्यास वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि लिव्हर एकाएकी मुठीला टेकतो. दुसऱ्या प्रकारात सायकल थंड झाल्यावर ब्रेक पुन्हा पूर्ववत वाटू शकतो. त्यामुळे दोष दूर झाल्याचा समज होतो. प्रत्यक्षात जुने ऑइल बदलेपर्यंत तो कायम असतो.

यांत्रिक दुरुस्ती

पॅड : घर्षणकारी थर ०.५ मिलिमीटरपर्यंत झिजल्यावर शिमानोचे पॅड बदलण्याची सूचना आहे. इतर निर्मात्यांच्या मर्यादा वेगळ्या असू शकतात. पॅड मुख्यतः सेंद्रिय व धातुमिश्रित अशा दोन प्रकारांचे असतात. सेंद्रिय पॅड कमी आवाज करतात व थंड असतानाही चांगले लागतात, परंतु ओल्या वाळूत व चिखलात लवकर झिजतात. धातुमिश्रित पॅड जास्त टिकतात व अधिक उष्णता सहन करतात. सह्याद्रीतील पावसाळी वाटांवर चालणाऱ्या सायकलींचे पॅड या काळात वारंवार पाहणे हिताचे असते. काही तबकड्या केवळ सेंद्रिय पॅडसाठीच असतात व तसे त्यांच्यावर लिहिलेले असते. तेल मुरलेले पॅड स्वच्छ करण्याचे प्रयत्न क्वचितच टिकाऊ ठरतात, म्हणून ते बदलावेत. केवळ गुळगुळीत झालेले पॅड सपाट पृष्ठभागावर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर हलके घासून पुन्हा वापरता येतात.

तबकडी : आयसोप्रोपिल अल्कोहोल व स्वच्छ कापड यांनी पुसावी. बोटांचे तेलही तिला लागू देऊ नये. साखळीवर मारलेला तेलाचा फवारा मागील तबकडीवर उडणे, हे ब्रेक तेलकट होण्याचे नेहमीचे कारण आहे. शिमानोची नवी तबकडी सुमारे १.८ मिलिमीटर जाड असते आणि १.५ मिलिमीटरपर्यंत झिजल्यावर ती बदलावी लागते. किंचित वाकलेली तबकडी खाचेच्या खास पान्याने थोडी थोडी सरळ करता येते.

दट्टे : अडकलेला दट्ट्या मोकळा करण्यासाठी चाक व पॅड काढून मोकळा दट्ट्या प्लास्टिकच्या पट्टीने धरून ठेवतात आणि लिव्हर हळूच दाबून अडकलेला दट्ट्या २ ते ३ मिलिमीटर बाहेर आणतात. त्याची बाजू कापसाच्या काडीने पुसून त्यावर ब्रेकमधील ऑइलचाच एक थेंब लावतात व दट्ट्या सरळ मागे ढकलतात. असे काही वेळा केल्यावर दोन्ही दट्टे बहुधा सारखे हलू लागतात. दट्ट्या पूर्णपणे बाहेर येऊ देऊ नये. सिरॅमिकचे दट्टे स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने तडकतात, म्हणून धातूचे हत्यार वापरू नये.

कॅलिपर सरळ बसवणे : कॅलिपरचे दोन बोल्ट सैल करून लिव्हर दाबून धरावा आणि त्याच स्थितीत बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. शिमानोसाठी ही पकड ६ ते ८ न्यूटन-मीटर असते. कॅलिपरखाली पांढरा कागद धरून पाहिल्यास तबकडीच्या दोन्ही बाजूंची फट सारखी आहे की नाही हे दिसते.

गळती व नळी : नळीच्या जोडात पितळी कडे, म्हणजे ऑलिव्ह, आणि नळीच्या तोंडात बसवलेला पोकळ इन्सर्ट असतो. जोड आवळल्यावर ऑलिव्ह चेपले जाऊन नळीला घट्ट धरते. म्हणून जोड उघडून नळी कापल्यावर नवे ऑलिव्ह व नवा इन्सर्ट वापरावा लागतो. नळी धारदार कातरीने काटकोनात कापावी. उजव्या व डाव्या लिव्हरची अदलाबदल करण्यासाठीही अनेकदा नळी सोडवावी लागते. त्यानंतर ब्लीडिंग क्रमप्राप्त असते.

ब्लीडिंग

पूर्वतयारी

सायकल स्टँडवर बसवून चाक व पॅड काढून दूर, स्वच्छ जागी ठेवतात. दट्टे पूर्ण मागे ढकलून त्यांच्यामध्ये ब्लीडिंगचा प्लास्टिक ठोकळा घालतात. दट्टे पुढे आलेले असताना ऑइल भरल्यास नवे पॅड बसवताना जास्तीच्या ऑइलला जागा उरत नाही व ब्रेक घासू लागतो, म्हणून हा ठोकळा आवश्यक आहे. हातमोजे, चष्मा, कापड, योग्य ऑइल आणि त्या ब्रेकसाठीची सिरिंज व नरसाळे जवळ ठेवावे. डॉट ऑइलला वापरलेली सिरिंज खनिज तेलाला वापरू नये.

नरसाळ्याची पद्धत

शिमानोच्या ब्रेकसाठी सर्वसाधारणपणे ही पद्धत वापरतात. कॅलिपर खाली व लिव्हर वर असल्याने ऑइल खालून वर ढकलल्यास बुडबुडे आपल्या नैसर्गिक दिशेनेच जातात, हे तिचे तत्त्व आहे. प्रतिमानानुसार तपशिलात फरक पडतो.

१. लिव्हर असा फिरवावा की त्याची टाकी जमिनीला समांतर राहील. टाकीवरील ब्लीड स्क्रू त्याच्या रबरी कड्यासह काढून तेथे नरसाळे बसवावे.
२. सिरिंजमध्ये ऑइल भरून तिच्यातील व तिच्या नळीतील हवा पूर्णपणे काढावी आणि ती कॅलिपरवरील निपलला जोडावी. अनेक प्रतिमानांत निपलसाठी ७ मिलिमीटरचा पाना लागतो.
३. निपल सुमारे एक अष्टमांश फेरा उघडून सिरिंज हळूहळू दाबावी. नरसाळ्यात प्रथम बुडबुड्यांसह जुने, गढूळ ऑइल येते. बुडबुडे थांबेपर्यंत ऑइल ढकलत राहावे. या टप्प्यात लिव्हर वारंवार दाबू नये, अन्यथा कॅलिपरमध्ये बुडबुडे अडकून राहतात.
४. निपल बंद करून सिरिंज काढावी. निपलला रिकाम्या पिशवीची किंवा बाटलीची नळी जोडावी. निपल पुन्हा उघडल्यावर नरसाळ्यातील ऑइल वजनाने खाली वाहते व उरलेले बुडबुडे सोबत नेते. या वेळी नळी हलवावी व कॅलिपरवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोके द्यावेत. नरसाळ्यातील ऑइल संपू देऊ नये, कारण ते संपल्यास द्रवमार्गात नव्याने हवा शिरते.
५. बुडबुडे थांबल्यावर निपल बंद करावे. लिव्हर दाबून धरून निपल सुमारे अर्ध्या सेकंदासाठी उघडावे व लगेच बंद करावे. दाबाखालील ऑइल वेगाने बाहेर पडताना कॅलिपरच्या कोपऱ्यांत चिकटलेली हवा ओढून नेते. ही क्रिया दोन-तीन वेळा करून निपल ४ ते ६ न्यूटन-मीटर पकडीने आवळावे.
६. आता लिव्हर सावकाश दाबत व सोडत राहावा. मुख्य सिलिंडरमधील हवा नरसाळ्यात वर येते. लिव्हरचा बोल्ट सैल करून लिव्हर ३० अंश वर व ३० अंश खाली कलवून हीच क्रिया पुन्हा करावी, कारण टाकीच्या कडांतील हवा एका स्थितीत बाहेर येत नाही.
७. लिव्हर घट्ट लागू लागल्यावर नरसाळ्याला बूच लावून ते काढावे. टाकीच्या तोंडाशी ऑइल काठोकाठ असताना, थोडे सांडू देत, ब्लीड स्क्रू बसवावा. तो अतिशय नाजूक असून त्यासाठी ०.३ ते ०.५ न्यूटन-मीटर एवढीच पकड सांगितलेली आहे.

दोन सिरिंजची पद्धत

स्रॅमच्या डॉट ऑइलवर चालणाऱ्या ब्रेकसाठी दोन सिरिंज वापरतात. एक लिव्हरला व दुसरी कॅलिपरला जोडली जाते. डॉट ऑइलमध्ये विरघळलेली हवा बाहेर काढण्यासाठी सिरिंजचे तोंड बंद करून दट्ट्या मागे ओढतात. त्याने निर्माण होणाऱ्या कमी दाबात बारीक बुडबुडे वर येतात. त्यानंतर लिव्हर मुठीला पट्ट्याने बांधून कॅलिपरच्या सिरिंजने आळीपाळीने ओढ व दाब देतात. शेवटी लिव्हर सोडून ऑइल कॅलिपरकडून लिव्हरकडे ढकलतात व लिव्हरच्या बाजूनेही हीच ओढ-दाबाची क्रिया करतात. ओढताना फार जोर लावल्यास सीलजवळून बाहेरची हवा आत येऊ शकते. मग बुडबुडे कितीही वेळ येतच राहतात आणि जुनी हवा उरली असल्याचा भास होतो. स्रॅमचे काही नवे ब्रेक खनिज तेलावर चालतात, म्हणून केवळ कंपनीच्या नावावरून ऑइल ठरवू नये.

ब्लीडिंगनंतरची चाचणी

सर्व भाग अल्कोहोलने पुसून मगच पॅड व चाक बसवावे. लिव्हर जोरात दाबून धरून निपल, नळीचे जोड व ब्लीड स्क्रू येथे ओल दिसते का ते पाहावे. लिव्हर दाबलेल्या स्थितीत हळूहळू आत जाऊ नये. त्यानंतर सायकल काही मिनिटे पुढचे चाक वर करून उभी ठेवावी व पुन्हा लिव्हर दाबून पाहावा. सायकल अशी उभी किंवा उलटी ठेवल्यावर लिव्हर मऊ होत असेल, तर टाकीत हवा उरली असून ती द्रवमार्गात उतरली आहे असे समजावे.

नवे पॅड किंवा नवी तबकडी बसवल्यास ती रुळवावी लागतात. सपाट रस्त्यावर मध्यम वेग घेऊन चाक न अडवता चालण्याच्या वेगापर्यंत ब्रेक लावावा आणि असे साधारण वीस वेळा करावे. पॅडच्या पदार्थाचा पातळ, सारखा थर तबकडीवर बसल्यानंतरच ब्रेक पूर्ण क्षमतेने लागतो. पहिली चाचणी कधीही उतारावर घेऊ नये.

सामान्य चुका

• चाक काढलेले असताना लिव्हर दाबणे. पॅड एकमेकांना चिकटतात व तबकडी आत जात नाही. अशा वेळी प्लास्टिकच्या पट्टीने पॅड अलगद मागे सारावेत. प्रवासात पॅडमध्ये ठोकळा ठेवल्यास हा प्रसंग येत नाही.
• पॅड झिजल्यामुळे लिव्हर खोल जातो म्हणून टाकीत ऑइल भरणे. नवे पॅड बसवताना त्याच ऑइलला जागा उरत नाही.
• पॅड न काढता ब्लीडिंग करणे. एक थेंब सांडल्यास पॅड निकामी होतात.
• अनेक महिने उघड्या राहिलेल्या बाटलीतील डॉट ऑइल वापरणे.

सुरक्षितता व विल्हेवाट

लांब उतरणीनंतर तबकडी त्वचा भाजण्याइतकी तापलेली असते, तसेच फिरत्या तबकडीच्या छिद्रांत बोट अडकून गंभीर इजा होऊ शकते. डॉट ऑइल त्वचेला व डोळ्यांना अपायकारक असून सायकलचा रंग सोलते. ते सांडल्यास लगेच भरपूर पाण्याने धुवावे. खनिज तेल पाण्याने निघत नाही, ते अल्कोहोलने पुसावे. वापरलेले ऑइल गटारात किंवा मातीत न ओतता बंद बाटलीत साठवून वाहनांचे जुने ऑइल स्वीकारणाऱ्या ठिकाणी द्यावे.

हे सुद्धा पहा

• सायकल
• माउंटन बाइक
• डिस्क ब्रेक
• पास्कलचा नियम
• घर्षण